बाय, मला तुझी मदत हवी आहे

दिवेआगर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगायला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून पत्र लिहितोय. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या आल्यात, त्याचं कारणही पुढे येईलच.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. तुझ्या आईला मी एवढंच म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढलाय. गेल्या आठवड्यात सुपारी कातरताना अडकित्ता बोटावर बसला. फार लागलं नाही, नख गेलं. पण सुपारी कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं, तेच मला दिसलं नव्हतं. आईने हळद दाबून धरली, एक शब्द बोलली नाही. त्या रात्री तिला खरं सांगितलं. आज तुला सांगतोय.

निसर्ग वादळ आलं तेव्हा, 3 जून 2020 ला, तू पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकली होतीस. दुपारी दोन-तीन तासांत आजोबांच्या हातची वाडी झोपली. वीज नाही, फोन नाही, बोर्लीपर्यंतचा रस्ता झाडांखाली. तिसऱ्या दिवशी मी वाटेत आडवा पडलेला माड कापायला बसलो. आपली ती मोठी करवत, दोन्ही टोकांना मुठी असलेली, एकटाच ओढत होतो. पुढे ढकलली की पातं वाकायचं, अडकायचं. मग कोयतीने भोवती खाच करायची आणि परत ओढायचं. दुपारपर्यंत चार बोटंसुद्धा आत गेली नाही. शेजारचे भाऊ गडग्यावरून आले, समोरची मूठ धरली आणि म्हणाले, "ओढ." अर्ध्या तासात माडाचे दोन तुकडे झाले. जाताना म्हणाले, "उद्या माझ्याकडे." त्यांच्या पोफळी माझ्या दुप्पट पडल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी तिथे गेल्यावर कळलं.

सावडीचं हे बरं असतं. लावणी असो, शाकारणी असो, आज घेतलेला दिवस उद्या फेडायचा. हिशेब उघड असतो, म्हणून मागताना मान खाली जात नाही. घरच्या माणसाकडे मागायचं तर हिशेबच नसतो. मग जीभ उचलत नाही. तुझं मी काय आणि कधी फेडणार, असं मनात येतं. आणि त्याहून खोल एक भीती असते: मी मागेन, आणि पलीकडे क्षणभर कोणी काही बोलणार नाही. तो क्षणभर मला नको असतो.

तुझ्या काकाचं मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. फोन सुरू झाल्यावर त्याचाच पहिला फोन आला होता, मुंबईहून. "दादा, काय हवं? पैसे पाठवू?" मी म्हणालो, "काही नको, सगळं ठीक आहे." तेव्हा माजघरावर एक कौल शिल्लक नव्हतं. वर ताडपत्री होती आणि पाऊस सुरू झाला होता. कौलं आणि पत्रे कुठे मिळत नव्हते, मिळाले तर दुप्पट भावाने. त्याला हे गावच्या दुसऱ्याच कोणाकडून कळलं. दिवाळीला आला तेव्हा ओसरीवर बसून रडला. म्हणाला, "आईचं घर उघडं पडलं आणि तू मला परका केलंस." मला वाटत होतं मी त्याला त्रासातून वाचवलं. त्या दिवसापर्यंत मला ते तसंच वाटत होतं. पुढची दोन वर्षं तो गणपतीला आला, पण पाहुण्यासारखा आला.

आणि मग गेल्या पावसाळ्यात तुला डेंगी झाला. पाच दिवस सलाईनवर होतीस आणि आम्हाला घरी आल्यावर सांगितलंस, "तुम्ही काळजी कराल म्हणून." आई दिवसभर जेवली नाही. मी तुझ्यावर रागावलो, आणि रागावता रागावता मला माझंच "काही नको" ऐकू आलं. ही शिकवण तुला कोणी दिली ते मला माहीत आहे.

आपल्या घरात तोंडाने मागण्याची रीतच नाही. आम्ही सुचवतो. "यंदा थंडी छान पडलीय" याचा अर्थ असतो चार दिवस ये. तुला तो कळत नाही, आणि मग मी गप्प होतो, दोन दिवस फोन करत नाही. हा तुझ्यावर अन्याय आहे. जे बोललोच नाही ते तुला कसं कळावं?

तर आता स्पष्ट लिहितो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी माणगावला आहे. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी सोडतात. खरी गरज पुढे आहे. डोळ्यात थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे, पुढे कमी करत महिनाभर तरी. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. वाडीची चिंता नको. पोफळींचं शिंपणं भाऊ बघणार आहेत, मी त्यांना तोंडाने विचारलं. पण थेंब आईला जमणार नाहीत. तिचा हात आता कापतो, हेही आम्ही तुला सांगितलेलं नाही.

बाय, मला तुझे पंधरा दिवस हवे आहेत. ऑफिसचं काम इथून करता आलं तर बघ, ओसरीच्या कोपऱ्यात नेट बऱ्यापैकी येतं. बुधवारी ताम्हिणीने येणाऱ्या एसटीने आलीस तर माणगावलाच उतर, आम्ही तिथे येऊ, रात्री तिथेच राहू.

वादळानंतर लावलेल्या पोफळींतल्या विहिरीजवळच्या तिघींना यंदा पहिला घड आलाय. मला तो नुसता पिवळा डाग दिसतो. पट्टी निघाल्यावर बघेन.

पत्र मिळालं की फोन कर. जमणार नसेल तर नाही म्हण, काकाला विचारतो. या वेळी त्यालाही विचारणार आहे.

तुझे,
बाबा