दार लावून घेतल्यावर आत काय होतं?

पुणे ३०
१४ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दोन्ही एपिसोडच्या संहिता सोमवारी मिळाल्या, दोनदा वाचून झाल्या. अकरावीत जाणाऱ्या पुण्यातल्या मुलीवर मराठीत दहा एपिसोडची मालिका येतेय, तीही तुझ्या हातची, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच हातचं राखून काही लिहीत नाही.

पहिल्या एपिसोडमध्ये २४ सीन आहेत. त्यातले १५ आईच्या नाहीतर बाबांच्या चेहऱ्यावर संपतात. मुलगी उशिरा घरी येते, आई दारात. मुलगी थाप मारते, ती आईच्या लक्षात येते. मुलगी खोलीत जाऊन दार लावून घेते आणि तू कॅमेरा दाराबाहेर आईपाशी ठेवतोस. आत काय झालं? सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला नेमकं तेच बघायचं असतं आणि तेच तू लिहिलेलं नाहीस. मालिका मुलीची आणि नजर आईची, ही माझी मुख्य तक्रार. बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं.

ही सवय डेलीची, म्हणजे रोज लागणाऱ्या मालिकांची आहे, आणि डेलीत ती बरोबरच असते. संध्याकाळी सात ते दहा रिमोट आईच्या किंवा आजीच्या हातात असतो, घरात टीव्ही एक असतो आणि टीआरपीचा मीटर त्याच टीव्हीला लावलेला असतो. तिथे वयात आलेलं पोर पात्र म्हणून येतं ते घराला घोर लावायला. पोर चुकतं, तीन चेहऱ्यांवर तीन झूम पडतात, ब्रेक होतो. बावीस मिनिटांत आईच्या मनाची घालमेल पूर्ण दिसते, मुलाची दिसतच नाही.

शिवाय डेलीचं घड्याळ या वयाला झेपत नाही. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर वर्षाला ३१२ होतात. गोष्टीतला एक दिवस तीन एपिसोड चालवायचा म्हटला तर अकरावीचं एक वर्ष पडद्यावर सरायला साडेतीन वर्षं लागतील. आठवीत असताना बघायला बसलेली मुलगी स्वतः अकरावी ओलांडून जाईल आणि नायिकेची अकरावी तेव्हा कुठे संपत असेल. या वयात महिन्याभरात मैत्री तुटते, आवाज बदलतो, आवडनिवड बदलते. १९९८ साली आलेली ‘हिप हिप हुर्रे’ बारावीच्या वर्गाची होती आणि आठवड्यातून एकदाच लागायची, तेव्हा एका एपिसोडात एकाची अडचण मांडून ती निस्तरता यायची. तुझ्याकडे दहाच एपिसोड आहेत. ही अडचण समजू नकोस, मोठी सोय आहे ती. दहावीच्या निकालापासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा काळ घे आणि एकही दिवस ताणू नकोस.

आता बघणार कोण, याचा विचार कर. मुलं आपल्या वयाचं बघत नाहीत, दोन-तीन वर्षं पुढचं बघतात. सोळा वर्षांच्या नायिकेचे प्रेक्षक मुख्यतः तेरा-चौदाचे असणार. आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घ्यायला ते येतात: गटात कसं शिरायचं, नकार कसा पचवायचा, खोटं कुठवर टिकतं. म्हणून नीतीचा पाठ त्यांना लगेच कळतो आणि ते उठून जातात. तपशील चुकला तर त्याहून लवकर जातात.

नॉर्वेच्या सरकारी वाहिनीची, एनआरकेची, ‘स्काम’ मालिका (२०१५ ते २०१७) तू पुन्हा एकदा बघ. लेखिका-दिग्दर्शिका यूली आन्देम हिने सोळा वर्षांच्या मुली डोळ्यांसमोर ठेवल्या आणि लिहायच्या आधी देशभरच्या मुलांशी बोलून घेतलं. एका सीझनला एकच पात्र, त्याच्या नजरेबाहेरचं काही दाखवायचं नाही. गोष्टीत मंगळवारची दुपार असेल तर ती क्लिप मंगळवारी दुपारीच वेबसाइटवर पडायची, पात्रांचे मेसेज आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट अधूनमधून यायच्या आणि शुक्रवारी सगळं जोडून एपिसोड व्हायचा. पालकांच्या कानावर जाऊ नये म्हणून आधी जाहिरातही फारशी केली नव्हती. वर्गात बसलेल्या पोरीला मधल्या सुट्टीत नवी क्लिप मिळायची आणि पडद्यावरही मधली सुट्टीच असायची. एवढी यंत्रणा तुला परवडणार नाही, पण एकाच पात्राच्या नजरेचा नियम फुकट आहे. तो घे.

चॅनलची मंडळी मीटिंगमध्ये तुला ‘अ‍ॅडोलसन्स’सारखं काहीतरी मागतील. २०२५ च्या मार्चमध्ये आलेली ही चार भागांची मालिका, खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. काम अव्वल आहे. पण नीट बघ, कॅमेरा पोलिसांबरोबर चालतो, मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर बसतो, शेवटी आईबापांच्या घरात थांबतो, आणि त्या चौथ्या भागात मुलगा फक्त फोनवरच्या आवाजापुरता उरतो. दुसऱ्या भागात इमोजींचा अर्थ तपास अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावून सांगतो, तो सीन मोठ्यांना हादरवतो, कारण मुलांना तो अर्थ आधीच ठाऊक असतो. ती आईबापांसाठी लिहिलेली मालिका आहे आणि तशी ती थोर आहे. तुला हवीय ती मुलांसाठीची. मराठीत जवळचं उदाहरण २०१५ च्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’चं. पात्रं कॉलेजच्या पुढची होती, तरी शाळकरी मुलं चिकटून बसायची, कारण त्या घरात हटकणारं मोठं माणूस राहत नव्हतं.

तुझा दुसऱ्या एपिसोडमधला बंगल्यातल्या पार्टीचा आणि पळवून नेण्याचा ट्रॅक मला पटला नाही. एवढ्या मोठ्या घटनेची गरजच नाही. तुझ्या हातात अकरावी प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म आहे, त्याच्याइतकं नाट्य दुसऱ्या कशात सापडायचं नाही. फॉर्मच्या भाग दोनमध्ये जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि तो लॉक करायचा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. आता बघ: दोन जिवलग मैत्रिणी शेजारी बसून दहाच्या दहा नावं एकाच क्रमाने भरतात, एकत्र जायचं म्हणून. रात्री लॉक करण्याआधी त्यातली एक पहिलं आणि दुसरं नाव अदलाबदल करते. का केलं, ते तिचं तिला धड सांगता येत नाही. यादी लागते त्या सकाळी दोघींना आपापलं पहिलं नाव लागतं. मागे फिरायची वाट नियमानेच बंद झालेली. आईबाबा पेढे वाटतायत. त्यांना यातलं काहीच कळलेलं नाही आणि कळायचीही गरज नाही. कॅमेरा मुलीच्या बोटांवर ठेव: ती मैत्रिणीला मेसेज लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.

याच मेसेजच्या सीनवर थोडं थांबतो, कारण फोन आला की आपल्या मालिका हटकून घसरतात. तू लिहिलंयस, ‘ती मेसेज वाचून दाखवते.’ कुणीही स्वतःचा मेसेज मोठ्याने वाचत नाही. मजकूर पडद्यावर आण, दोन ओळींच्या आत, आणि सावकाश एकदा वाचायला लागतो तेवढा वेळ तो राहू दे. बघणारा मोबाइलवरच बघणार, तेव्हा अक्षर एडिटच्या मोठ्या मॉनिटरवर न जोखता हातातल्या फोनवर जोखून घ्यायला सांग. मुलं मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात, निम्मे स्वर गाळून, पूर्णविराम न देता. पूर्णविराम आला तर समोरच्याला वाटतं, ही चिडलीय. कुटुंबाच्या ग्रुपवर मावशी शुद्ध देवनागरीत लिहिते. एवढ्या फरकावर दोन पिढ्या उभ्या राहतात, संवाद लागत नाही. ‘टायपिंग’ दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं, आणि मेसेज येतच नाही. हा या वयाचा खरा सस्पेन्स आहे, त्याला ढॅणढॅण संगीत लावू देऊ नकोस. आई खोलीत आली की फोन उलटा पालथा पडतो. आईला काही दिसलं नाही तरी तो पालथा फोन दिसतो. आईचा क्लोजअप हवाच असेल तर तो इथे घे, एकदाच.

प्रेमाचा ट्रॅक ढोल-ताशा पथकात घाल. कॅफेतला काढून टाक, कॅफे कुठल्याही शहरात असतो. वाद्यपूजन झालं की नदीपात्रात सराव सुरू होतो, संध्याकाळचा, आणि क्लासची वेळ नेमकी तीच. क्लासला दांडी पडली की ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे’ असा मेसेज बाबांच्या फोनवर जातो. म्हणजे खोट्याला मुदत आपोआप मिळाली. ढोल कमरेला करकचून बांधलेला, एका हातात टिपरू, दुसऱ्या तळव्याची थाप. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, मग मुलं बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. तो मुलगा तिच्या बोटाला पट्टी गुंडाळून देतो, दातांनी तोडतो, आणि ती पट्टी घरी लपवायची कशी हा तिच्यापुढे प्रश्न. हात हातात घेण्याचं गाणं यापुढे फिकं पडेल.

स्कूटरचं मात्र सांभाळ. तुझी नायिका पहिल्याच सीनमध्ये स्कूटरवरून येते. सोळाव्या वर्षी कायद्याने ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या. म्हणजे ती विनापरवाना चालवतेय. अल्पवयीन मुलाकडून गाडीवर गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. एकतर हे गोष्टीत वापर, नाहीतर तिला पीएमपीच्या बसमध्ये बसव. सहज दाखवून पुढे जाऊ नकोस, तेरा वर्षांचा प्रेक्षक ते सहजच घेईल.

कास्टिंगबद्दल थोडक्यात. चोविशीची मुलगी सोळाची म्हणून उभी करू नकोस. अमेरिकेत ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’मध्ये १९९० साली एक अभिनेत्री २९ व्या वर्षी शाळकरी मुलगी करत होती. ही खोड जगभर आहे, आणि बघणारी मुलगी स्वतःच्या चेहऱ्याची तुलना त्या चेहऱ्याशी करत बसते. चौदाच्या आतलं मूल असेल तर दिवसाला पाच तासच काम, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीचा निदान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. निर्माते या नियमांना घाबरून मोठी मुलं घेतात. तुला सतरा-अठराची हवीत, तिथे हा प्रश्नच येत नाही. मेकअप दादांना पुटकुळ्या झाकू नका म्हणून सांग. मुलाला मिसरूड राहू दे.

भाषेत नवे शब्द पेरू नकोस. तू लिहिशील, शूट होईल, एपिसोड येईल, तोवर आठ-दहा महिने जातील आणि शब्द शिळा होईल. ‘लोड घेऊ नको’सारखे टिकलेले चालतील. बाकी वाक्याची ठेवण पकड: अर्धवट सोडलेली वाक्यं, ‘म्हणजे तसं नाही गं’, मुलींनी एकमेकींना ‘अरे’ म्हणणं. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका असतात. एकांकिकांपेक्षा मध्यंतरात बाहेर उभ्या कॉलेजच्या पोरांचं बोलणं ऐक.

शेवटी सहाव्या एपिसोडची वनलाइन, जिथे वर्गातला मुलगा जीव द्यायला जातो. इथे मी हट्ट धरणार आहे. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेतला आत्महत्येचा सीन २०१७ साली सविस्तर दाखवला आणि २०१९ च्या जुलैमध्ये नेटफ्लिक्सला तो कापावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेची पडद्यासाठीची मार्गदर्शिका त्याच वर्षीची आहे: कृती दाखवायची नाही, साधन आणि जागा सांगायची नाही, एकच कारण असल्यासारखं भासवायचं नाही, मदत मागितल्यावर काय होतं ते दाखवायचं. तू त्या कृतीपर्यंत जाऊच नकोस. मुलगा रात्री मित्राला फोन करतो आणि मित्राला काय बोलावं ते सुचत नाही, तरी तो फोन ठेवत नाही आणि शेजारच्या खोलीतल्या ताईला उठवतो, हा सीन लिही. चांगला चार मिनिटांचा लिही. बघणाऱ्या मुलाला उद्या कदाचित तेच करावं लागेल, आणि ते कसं करतात हे त्याने कुठेतरी पाहिलेलं असावं. एपिसोडनंतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पूर्ण पडदाभर, आवाजासकट, दहा सेकंद. श्रेयनामावलीत घुसवू नका म्हणून आत्ताच लिहून घे.

पुढच्या आठवड्यात पहिला एपिसोड पुन्हा लिहायला घेशील तेव्हा ते २४ सीन समोर ठेव आणि दाराचा सीन आधी घे. या वेळी दार लागलं की आपण आत असायला हवं. ती काय करते ते मला पाठव.

तुझा मित्र