गोव्यातले घर आणि विक्रेत्याच्या सुनेची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या मालमत्ता पुरवणीत गोव्यात घर घेण्याविषयी पानभर मजकूर आला होता. किनारा किती अंतरावर, मोपाचा विमानतळ किती जवळ, भाड्याने दिले तर उत्पन्न किती, हे सगळे त्यात होते. कायद्याविषयी मात्र एकच वाक्य होते. इथले पोर्तुगीजकालीन कायदे किचकट आहेत, तेव्हा कागदपत्रांचे काम जाणत्या एजंटावर सोपवावे, अशा अर्थाचे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. महाराष्ट्रातून इथे येऊन घर घेणाऱ्या प्रत्येकाने नेमका तोच भाग स्वतः समजून घ्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

मी मूळची कोल्हापूरची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलगी आणि जावई वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, नातवंडे लहान आहेत. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही कोल्हापूरचा फ्लॅट विकला आणि फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या जवळ, एक जुने चिऱ्यांचे घर घेतले. गुंतवणूक म्हणून किंवा सुट्टीपुरते नव्हे, कायमचे राहायला. मतदारयादीतले नाव इकडे आणले, एमएच-09 ची गाडी एनओसी घेऊन जीए केली, गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळे झाले. या गोष्टींना वेळ लागतो, पण त्या होतात. घराच्या कागदांची गोष्ट वेगळी आहे.

आपल्याकडे सातबारा आणि फेरफार पाहिला, शहरात असेल तर प्रॉपर्टी कार्ड पाहिले, की माणूस निर्धास्त होतो. इथे सातबारा नाही. गावात ‘फॉर्म वन अँड फोर्टीन’ चालतो, शहरी भागात ‘फॉर्म डी’. सरकारी संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकला की वन-फोर्टीन पाहायला मिळतो. पण ही नोंद मुक्तीनंतर, 1970च्या दशकातल्या जमीन मोजणीतून आलेली आहे. त्यात नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली असे नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही असेही नाही. आम्ही घेतलेल्या घराच्या उताऱ्यावर एकच नाव होते, फार वर्षांपूर्वी वारलेल्या एका गृहस्थांचे. घर दाखवणारा दलाल म्हणाला, ‘थोरला मुलगा इथेच असतो, तो सही देईल, विसार देऊन टाका.’

आमच्या वकीलबाईंनी विसार तर देऊ दिलाच नाही, उलट एका कोऱ्या कागदावर त्या घराण्याची वंशावळ मांडायला घेतली. त्या दिवशी मला हा कायदा पहिल्यांदा कळला. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला विवाहविषयक भाग अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी. त्यामुळे घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बायकोच्या संमतीवाचून ते विकता येत नाही, आणि बायकोच्या नावावरचे नवऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. नवरा वारला तर निम्मे घर विधवेचे स्वतःचेच राहते. उरलेले निम्मे मुलांना जाते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. मुलांना मिळालेला हिस्साही पुन्हा त्यांच्या-त्यांच्या संसारात सामाईक होतो. म्हणजे मुलगा विकणार तर त्याची बायको सही करणार, मुलगी विकणार तर तिचा नवरा.

आमच्या विक्रेत्यांत वयोवृद्ध आई होती, तीन भाऊ होते आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी होत्या. त्यात तीन सुना आणि दोन जावई मिळवा, म्हणजे खरेदीखतावर अकरा सह्या. त्याआधी वारस कोण, हे ठरवणारा लेख करावा लागतो. इथे त्याला सगळे ‘सक्सेशन डीड’ म्हणतात. गोव्याच्या 2012च्या वारसा कायद्याप्रमाणे, जो 2016च्या डिसेंबरात अमलात आला, हा लेख विशेष नोटरीसमोर होतो. वारसांत वाटणीचा वाद असेल तर कोर्टात ‘इन्व्हेंटरी’ चालवावी लागते आणि त्यात वर्षे जातात. आमच्या विक्रेत्यांत वाद नव्हता, हे आमचे नशीब. तरी एक बहीण सावंतवाडीला, एक भाऊ मुंबईला, त्यामुळे सगळे एकाच दिवशी जमवायला बराच वेळ गेला. दलाल वैतागला होता. थोरल्याकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन उरकून टाकू, असे तो पुन:पुन्हा सांगत राहिला.

फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयातला तो दिवस मी विसरणार नाही. सावंतवाडीची बहीण आणि तिचे यजमान सकाळच्या एसटीने आले होते. आईला खुर्चीवर बसवून आत नेले. एकेकाचा फोटो, एकेकाचा अंगठा यंत्रावर, मग सही. थोरल्या सुनेची पाळी आली तेव्हा त्या बाईंनी हात मागे घेतला आणि वकिलांना विचारले, ‘म्हज्या वांट्याक कितले येतले?’ आवाज चढवून नव्हे, अगदी बाजारात भाव विचारावा तसे. दीर-जावा सगळे समोर उभे. वकिलांनी दस्ताचे ते पान काढले, रक्कम वाचून दाखवली, तिच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट वेगळा काढून समोर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट पाहिला, पर्समध्ये ठेवला, आणि मग अंगठा दिला. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

मी जिथून आले तिथे हे असे होत नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, 2005 मध्ये केंद्रानेही दिला. कायदा आहे. पण माझ्या माहेरी, वडिलांच्या पश्चात, आम्हा बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या त्या देवदर्शनाला जाता जाता, वाटेत गाडी थांबवून. दस्तात काय लिहिले आहे ते कुणी वाचून दाखवले नाही. नंतर साडी-चोळी झाली, जेवण झाले. सही दिली नाही तर माहेर तुटते, हे तिकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. सुनेचे तर नावही कुठे येत नाही. इथेही वारसाहक्क सोडल्याचे लेख होतात, बहिणींवर दबाव येतो, हे शेजारणी सांगतात. गोव्याला मी स्वर्ग ठरवत नाही. तरी सुनेच्या सहीशिवाय घर विकलेच जात नाही, ही तरतूद म्हणजे ‘किचकटपणा’ आहे असे आपल्या पुरवणीने लिहावे, याचे मला वाईट वाटले. घेणाऱ्याच्याही ती फायद्याची आहे. ज्याची सही राहिली त्याचा हक्क राहिला, आणि तो उद्या कोर्टात उभा राहिला तर घर गेले कुणाचे? आपलेच.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या मजकुरात औषधालाही नव्हती. मुंडकार.

आम्ही घेतलेल्या जागेच्या मागच्या बाजूला, माडांच्या पलीकडे, दोन खोल्यांचे एक कौलारू घर होते. तिथे एक म्हातारी आजी आणि तिचा मुलगा राहत. आजीचा नवरा या घराण्याच्या माडांचे नारळ पाडायचा, राखण करायचा. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, त्याला राहायला जागा दिली होती. अशा माणसाला इथे मुंडकार म्हणतात. दलाल म्हणाला, ‘त्यांचे उताऱ्यावर काही नाही, दोन पैसे दिले की जातील.’ उताऱ्यावर खरोखरच काही नव्हते. पण 1975च्या मुंडकार संरक्षण कायद्याने अशा माणसाला घरातून काढता येत नाही, आणि ते घर व त्याभोवतीची ठरावीक जागा मालकाकडून विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. त्याचा निवाडा मामलेदारांपुढे होतो. जमिनीची मालकी बदलली म्हणून तो हक्क जात नाही. नवा मालक फक्त जुन्या भाटकाराच्या जागी येतो.

मी स्वतः जाऊन आजींना भेटले. त्यांच्या दारात तुळस, पाठीमागे घंगाळ, भिंतीला टेकून नारळ सोलायची सुळी. आजींनी पहिला प्रश्न विचारला तो विहिरीचा. नवीन मालक विहिरीवर पाणी भरू देणार का, असा. एवढी वर्षे त्या जागेवर काढलेल्या बाईला हे एका परक्या माणसाला विचारावे लागावे, याने मला फार लागले. यजमानांनी आणि मी तिथेच ठरवले, की आजींच्या घराचा निकाल लागल्याशिवाय आपण पुढे जायचे नाही. विक्रेते भले निघाले. आजींना घेऊन ते मामलेदारांकडे गेले, रीतसर किंमत ठरून त्यांच्या घराची जागा त्यांच्या नावे झाली, ती वगळून उरलेल्या जागेचे खरेदीखत आमच्या नावे झाले. विहिरीचा आणि पायवाटेचा हक्क दस्तात लिहिला. यात एक अख्खा पावसाळा गेला. आज आजींचा मुलगा आमच्या कौलांची शाकारणी करून देतो, आणि म्हार्दोळची जाई फुलली की आजी पानात बांधून वळेसर पाठवतात.

आमच्यासारखी मंडळी इथे येतात तेव्हा जागा ‘रिकामी करून’ मागतात. बिल्डर आणि दलाल ती तशी करून देतात, कशी करतात ते कुणी विचारत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, की विचारा. सर्व्हे नंबराच्या आत चूल पेटत असेल तर ती कुणाची, हे स्वतः पायी हिंडून पाहा.

फसवणुकीचाही एक अनुभव जवळून पाहिला. याआधी आम्हाला बार्देशात एक बंद घर दाखवले होते. मालक परदेशी, खिडक्यांना अजून शिंपल्यांच्या झडपा, किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी, आणि सही करणारा कुलमुखत्यार घाईत. पोर्तुगीज भाषेतल्या जुन्या दस्ताची एक प्रत त्याने दाखवली. वकीलबाईंनी ती पणजीच्या पुराभिलेखागारातल्या मूळ दस्ताशी ताडून पाहायचे म्हटल्यावर गृहस्थांनी फोन उचलणे बंद केले. परदेशी गेलेल्या गोवेकरांची घरे बनावट जुन्या दस्तांवर विकली गेल्याची इतकी प्रकरणे निघाली, की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. बार्देश तालुक्यातल्या अनेक मालमत्ता त्यात आहेत. हे सगळे वर्तमानपत्रांतूनच आले आहे. मग रविवारच्या पुरवणीत ते का येऊ नये?

‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिरातींविषयीही थोडे. इथे फार्महाऊसला किमान 4,000 चौरस मीटर जागा लागते. त्याहून लहान तुकडे, तेही अविभाजित हिश्श्याने, बागायती झोनमध्ये विकणाऱ्याकडे नगरनियोजन खात्याचा झोनिंगचा दाखला मागा, तिथेच बोलणे थांबते. भातशेतीची जमीन तर 2023च्या कायद्याने बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही.

आता माझे मागणे. आपल्या दैनिकाला गोव्यातही वाचक आहेत आणि कोल्हापूर, सांगली, पुण्यातही. मालमत्ता पुरवणीत दर आठवड्याला गोव्यातल्या एखाद्या जाणकार वकिलांकडून चार परिच्छेद लिहून घ्या. एका आठवड्यात सक्सेशन डीड, एकात मुंडकार, एकात कोमुनिदादची, म्हणजे गावकीच्या सामाईक मालकीची, जमीन, असे. शेजारी बिल्डरची जाहिरात असली तरी हरकत नाही.

गोवा सरकारकडे मागणे असे, की 1987च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्याही वापराची सोय आहे, तर उपनिबंधक कार्यालयात दस्त नोंदवण्याआधी विक्रेत्यांना आणि घेणाऱ्यांना त्यातला मुख्य भाग कोकणीत किंवा मराठीत वाचून दाखवणे सक्तीचे करावे. आमच्या दस्तावर सही करणाऱ्या अकराजणांपैकी इंग्रजी वाचू शकणारे मोजकेच होते. शिवाय वन-फोर्टीनवर मुंडकाराची नोंद करण्याचे काम त्या मुंडकाराच्या अर्जाची वाट न पाहता तलाठ्यांनी गावोगाव फिरून पुरे करावे. आजींच्या वाड्यावर अशी आणखी तीन घरे आहेत, त्यांच्या उताऱ्यावर आजही काही लिहिलेले नाही, आणि शेजारच्या जमिनीवर मोजणीचे दगड पडले आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(मु. फोंडा तालुका, गोवा)