तुटलेल्या पट्टीचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या उजव्या नडगीत बसवलेली धातूची पट्टी अकराव्या महिन्यात तुटली. पावसात मोटारसायकल घसरून हाड मोडले होते. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी हट्टच धरला, म्हणून ती पट्टी माझ्या हातात आली. एरवी ती टाकूनच दिली जाणार होती. हाड जुळले नाही आणि माणूस चालत राहिला, तर कोणतीही पट्टी कधीतरी दगा देते, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पट्टी कोणत्या धातूची होती, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. बिलावर फक्त ‘इम्प्लांट’ आणि पुढे रक्कम.

कुपवाडच्या एमआयडीसीत ३१ वर्षे मी लेथ चालवला आहे, त्यामुळे स्वस्थ बसवेना. सराफाच्या काट्यावर पट्टी आधी हवेत तोलली, मग पाण्यात बुडवून. घनता साडेचारच्या आसपास आली. स्टील असते तर आठच्या जवळ आली असती. म्हणजे पट्टी टायटेनियमची. भिंगाखाली पाहिले तर ती स्क्रूच्या भोकापाशी तुटलेली, आणि तुटीवर एकापुढे एक बारीक रेघा, कृष्णेचा पूर ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. मोडलेल्या शाफ्टवर अशा रेघा मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. पट्टी एका झटक्यात मोडली नव्हती; भोकाच्या कडेला चीर पडून ती पावलागणिक वाढत गेली होती. टायटेनियमला ओरखडा किंवा खाच सोसत नाही. ती खाच पट्टी बनवताना पडली, ऑपरेशनमध्ये वाकवताना पडली, की नंतर स्क्रू घासून पडली? हे चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली कळू शकते. पण तशी सोय नाही, आणि कोणी विचारतही नाही.

इम्प्लांटमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा टायटेनियमचा मिश्रधातू (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) मुळात १९५०च्या दशकात अमेरिकेत विमानांसाठी घडवला गेला. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करताना टायटेनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले, आणि पुढे हा धातू शरीरात घालण्याला बळ मिळाले. व्हॅनेडियम पेशींना अपायकारक ठरेल या काळजीने स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या जागी नायोबियम घातले गेले. दुसरी अडचण ताठरपणाची. स्टीलचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल (ताठरपणा मोजण्याचे एकक; आकडा जितका मोठा तितका धातू कमी वाकतो), या टायटेनियमचा ११०, आपल्या हाडाचा १० ते ३०. दोघांनी ओझे उचलले आणि त्यातला एक वाकायलाच तयार नसला, की सगळा भार त्याच्या खांद्यावर जातो. तसे पट्टीचे होते, आणि भार न मिळालेले हाड हळूहळू विरळ होत जाते. म्हणून नायोबियम, झिर्कोनियम, टँटलम मिसळून ५५ ते ८० गिगापास्कलपर्यंत उतरलेले मिश्रधातू तयार केले गेले. जपानमध्ये यावर बरेच काम झाले आहे. मात्र मऊपणा वाढवताना ताकद राखणे अवघड असते.

असा नवा धातू प्रयोगशाळेत कितीही चांगला ठरला, तरी खरी परीक्षा शरीरातच होते. ती कशी झाली हे काढलेली पट्टीच सांगते. स्वीडनने कृत्रिम खुब्यांची देशव्यापी नोंदवही १९७९ पासून ठेवली. काढलेल्या इम्प्लांटची तपासणी कशी करावी, याचे आंतरराष्ट्रीय मानकही (आयएसओ १२८९१) आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तिथे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विश्रामबागला १९४७ मध्ये स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कुपवाड-मिरजेच्या शेडमध्ये धातू हाताने ओळखणारी माणसे आहेत. ही सगळी एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. रुग्णाच्या संमतीने, निर्जंतुक करून, काढलेली प्रत्येक पट्टी, रॉड, स्क्रू क्रमांक टाकून ठेवावा. धातू कोणता, बॅच कोणती, किती महिने शरीरात होता, हाड जुळले होते का, एवढे त्यासोबत लिहावे. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतील आणि हैदराबादसारख्या ठिकाणी टायटेनियम घडवणाऱ्यांना आपल्या रुग्णांच्या हाडांतली माहिती मिळेल. आपल्याकडे मांडी घालून बसतात, शेतात उकिडवे बसून काम करतात. बरे होण्याआधीच ऊसतोडीला जाणारेही पुष्कळ. तो भार परदेशातल्या नोंदवहीत सापडणार नाही.

आणखी एक: डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचा धातू आणि बॅच क्रमांक लिहिला जावा. पाकिटावर स्टिकर असतोच, तो चिकटवायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कमरेचे हाड काढून नडगीत भरले, नवी पट्टी बसवली, आणि आता मी काठीशिवाय चालतो. तुटलेले दोन तुकडे आणि दोन्ही वेळचे एक्स-रे माझ्या कपाटात आहेत. दोन्हीपैकी कोणत्याही महाविद्यालयाने हे काम हाती घेतले, तर पहिला नमुना म्हणून मी ते आणून द्यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर
कुपवाड, जि. सांगली