दातवणाची काडी कचऱ्यात टाकण्याआधी

महोदय,

आमच्या गावातील शाळेत गेल्या महिन्यात दंततपासणी शिबिर झाले. माझ्या नातवाच्या खिशात मिसवाकची, म्हणजे दात घासण्याची, काडी निघाली, तेव्हा ती ‘जुनाट सवय’ ठरवून त्याला कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावण्यात आली आणि हातात ब्रश-पेस्टचे पाकीट देण्यात आले. पाकीट दिले ते चांगलेच केले. काडी टाकायला लावली ते मात्र खटकले, आणि मराठी शाळेत नोकरी पूर्ण केलेला एक मुस्लिम शिक्षक या नात्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

मिसवाक फर्ज, म्हणजे सक्तीचे कर्तव्य, नाही; ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेली रीत, आहे. माझ्या उम्मतीला, म्हणजे अनुयायांना, जड जाईल असे वाटले नसते, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिसवाक करण्याचा हुकूम मी दिला असता, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. रात्री उठल्यावर आणि बाहेरून घरी आल्यावर ते मिसवाक करीत, असेही हदीसमध्ये येते. अखेरच्या आजारपणात त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे भाऊ मिसवाक हातात घेऊन भेटीस आले असता पैगंबरांची नजर त्या काडीकडे गेली, ती आयेशांनी ओळखली आणि काडी स्वतः चावून, मऊ करून त्यांना दिली. हा प्रसंग वाचताना मला माझी आई आठवते. दात हलू लागलेल्या दादीसाठी ती रोज पहाटे काडीचे टोक खलबत्त्यात ठेचून देत असे.

अरबस्तानात मिसवाक प्रामुख्याने ‘अराक’ची, म्हणजे आपल्याकडे ज्याला पिलू म्हणतात त्या झाडाची असते. हे झाड कोरड्या, खारवट जमिनीत वाढते. वऱ्हाडच्या काळ्या मातीत ते कुठून दिसणार? म्हणून जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेर अत्तर-टोप्यांच्या शेजारी प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या काड्या विकायला येतात, आणि बरेच तरुण तीच खरी मिसवाक समजतात. वास्तविक सुन्नत एकाच झाडाला बांधलेली नाही. हनफी या इस्लामी विधिपंथाच्या ग्रंथांत कडू झाडाची काडीही चांगली मानली आहे. डाळिंब आणि बांबू टाळावेत, एवढेच सांगितले आहे. शेताच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबाची काडी घेतली तरी सुन्नत अदा होते. माप सांगितले आहे ते एक वीत लांबी आणि करंगळीएवढी जाडी. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दातवणाची काडी १२ अंगुळे लांब आणि करंगळीच्या टोकाएवढी जाड सांगितली आहे, आणि १२ अंगुळे म्हणजे एक वीतच. माझ्या शेजारचे कुणबी आजोबा बाभळीची जी काडी मोडत, ती याच मापाची असे. ते तिला दातून म्हणत, आम्ही मिसवाक म्हणत होतो.

रमजानमध्ये काडीचा वापर वाढतो, कारण रोजा असताना पेस्ट घशात उतरण्याची धास्ती असते. विदर्भातील बहुतेक मुस्लिम हनफी असल्याने दिवसभर केव्हाही मिसवाक करतात. कोकणातील शाफई पंथाचे बांधव मात्र रोजा असताना दुपार कलल्यानंतर ती टाळतात. हा मतभेद फार जुना आहे आणि त्यावरून कोणी भांडत नाही.

आता शिबिरातील मंडळींच्या बाजूने. काडीने दाढांची आतली बाजू नीट साफ होत नाही, ती जोराने आडवी घासली तर हिरड्या खाली सरकतात, आणि फ्लोराइडच्या पेस्टची बरोबरी ती करू शकत नाही. हे मी नाकारत नाही. परंतु योग्य रीतीने वापरलेली मिसवाक दातांवरचा थर काढण्यात ब्रशच्या जवळपास उतरते, असे अनेक तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८० च्या दशकात, जिथे अशी काडी वापरण्याची रीत आहे तिथे तिला उत्तेजन दिले होते. प्रश्न रीतीचा आहे. टोकाची साल सोलून ते पाण्यात भिजवावे, चावून त्याचा कुंचला करावा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावा, झिजलेले तंतू रोज कापून टाकावेत, आणि काडी ओलसर पिशवीत न कोंडता मोकळ्या हवेत वाळू द्यावी. एवढे शिकवायला शिबिरात पाच मिनिटेही लागली नसती.

शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे मिश्रण, घोटला जातो, हेही त्या दिवशी सर्वांना दिसत होते. मशिदीतून निघालेल्या काही तरुणांच्या एका खिशात मिसवाक आणि दुसऱ्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, हे सांगताना मलाच लाज वाटते. तोंडाच्या कर्करोगाचे मूळ त्या पुडीत आहे, आणि शिबिराला काही कचऱ्यात टाकायला लावायचेच होते तर तिच्यापासून सुरुवात करता आली असती.

आरोग्य विभागाला विनंती एवढीच, की ग्रामीण शाळांतील तपासणीत मुलांना ब्रशबरोबर काडीही कशी वापरावी ते दाखवावे. नातवासाठी मी कडुनिंबाची नवी काडी कापून दिली आहे. पुढच्या शिबिराच्या दिवशी तिच्यासह मीही शाळेत हजर राहणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)