बॅलार्ड पियर ते टिलबरी

रत्नागिरी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विमानात गुडघे आखडले, शेजारचा रात्रभर घोरला, आणि वजन दोन किलो जास्त भरलं म्हणून काउंटरवर सगळ्यांदेखत लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागली, हे वाचून आम्ही यथेच्छ हसलो. पण शेवटी लिहिलंस ना, "जुन्या काळी आगबोटीने विलायतेला जायला काय बहार येत असेल!", त्याला मात्र उत्तर द्यायलाच हवं. सध्या मी याच विषयात नाकापर्यंत बुडालोय आणि घरातलं कोणी ऐकून घेत नाही. तू आयताच सापडलास.

बहार होती, नाही असं नाही. कोणाची, ते सांगतो.

सुएझचा कालवा १८६९च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने जायचं म्हणजे चार-पाच महिने. नाहीतर सुएझला उतरायचं, इजिप्तची वाळू तुडवत अलेक्झांड्रिया गाठायचं आणि तिथून दुसरी बोट धरायची. कालव्याने हा सगळा खटाटोप संपवला आणि मुंबईचं नशीब उघडलं. या वाटेवर पी अँड ओ या इंग्रजी आगबोट कंपनीने बस्तान बसवलं ते मात्र प्रवाशांपेक्षा सरकारी टपालाच्या ठेक्यावर. म्हणूनच ती 'मेल बोट'. पिशव्या उशिरा पोचल्या तर कंपनीला दंड. माणूस समुद्रात ओकून अर्धमेला झाला तरी त्याची दाद कुठे लागणार?

गांधीजी पहिल्यांदा विलायतेला निघाले ते ४ सप्टेंबर १८८८ला, 'क्लाइड' नावाच्या बोटीने. एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. काटे-चमचे धरता येईनात, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज वाटे, म्हणून गडी जेवणघरात जायचाच नाही. घरून नेलेली मिठाई आणि फळं खाऊन केबिनमध्ये बसायचा. बहार म्हणतोस ती ही! आणि परत आल्यावर सिंधुबंदी मोडल्याचं प्रायश्चित्त होतंच. त्यासाठी भावाने त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत बुचकळून काढलं.

आता त्याच माणसाचा दुसरा प्रवास बघ. २९ ऑगस्ट १९३१, शनिवार. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 'राजपुताना' बोटीवर, तिकीट दुसऱ्या वर्गाचं. बरोबर मीराबेन, महादेवभाई, प्यारेलाल, देवदास. याच बोटीवर सरोजिनी नायडू आणि गंगाजळ बरोबर घेतलेले पंडित मालवीय. मंडळींनी हौसेने ट्रंका भरून घेतल्या होत्या. गांधीजींच्या ते लक्षात आलं मात्र, अशी खरडपट्टी काढली की एडनहून सात नग सामान परत मुंबईला रवाना झालं. तुझी बरणी काय घेऊन बसलास! ११ सप्टेंबरला सगळे मार्सेयला उतरले आणि दुसऱ्या दिवशी लंडनात हजर. ज्यांच्या खिशाला परवडे ते असंच मार्सेयला उतरून फ्रान्समधून आगगाडीने जात. आठवडाभर वाचे आणि बिस्केच्या उपसागराचे हेलकावे टळत. बाकीचे जिब्राल्टरला वळसा घालून लंडनजवळच्या टिलबरी बंदरापर्यंत.

सामानाची व्यवस्था मला फार आवडली. प्रत्येक नगावर कंपनीचं लेबल: 'प्रवासात हवे' किंवा 'प्रवासात नको'. 'नको' वाल्या ट्रंका तळाला जाऊन पडत, त्या थेट बंदरावरच दिसणार. लोकरीचे कपडे चुकून तिकडे गेले की भूमध्य समुद्रात कुडकुडत बसा.

पहिल्या वर्गाची बहार मात्र खरीच. डेकवर आरामखुर्च्या, सकाळी चहा-बिस्किटं अंथरुणात, रात्रीच्या जेवणाला ठरलेला पोशाख, मग नाच. १९२९ साली आलेल्या 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'वर तर बोटीच्या पोटातच पोहण्याचा तलाव होता. पण तांबड्या समुद्रात शिरलं की साहेबाचीही रग जिरे. केबिनमध्ये झोप अशक्य, गाद्या उचलून सगळे डेकवर. वारा मागून आणि बोटीच्याच वेगाने वाहत असला की डेकवर हवेची झुळूकसुद्धा नाही. अशा वेळी कप्तान कधी कधी बोट उलटी फिरवून वाऱ्याकडे तोंड करायचा, का तर माणसांना जरा श्वास घेता यावा.

वर ही तऱ्हा, मग खाली? मी सध्या अडकलोय तो तिथेच.

बोटीच्या तळाशी बॉयलर. 'टायटॅनिक'वर असे २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या, त्या दिवसाला सहाशे टनांच्या घरात कोळसा खात. आपल्या वाटेवरच्या बोटी लहान, भूक त्या मानाने कमी, पण तऱ्हा तीच. कोळसा फावड्यानेच घालायचा. कोयलावाला कोठारातून ढकलगाडीने आणणार, आगवाला भट्टीत फेकणार, लांब सळईने निखारे फोडून काढणार, राख उपसणार. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास, असं बंदर येईपर्यंत. वर डेकवर मडमा पंख्याने वारा घेत असताना खाली काय असेल, तूच बघ.

पी अँड ओच्या बोटींवर या कामांची वाटणीही मुलुखावार होती. भट्टीवर बहुतेक पंजाब-सरहद्दीकडचे. सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात, वाढपी आणि स्वयंपाकी गोवेकर. डेकवर आपल्या कोकणातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, वर त्यांचे मुकादम, सारंग आणि तांडेल. इथून खाडीपट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा, दोन-तीन पिढ्या बोटीवर काढलेली मुसलमान घरं भेटतील. गोवेकरांचे मुंबईत धोबीतलाव-माझगावला गावागावांचे क्लब, म्हणजे 'कूड'. दोन बोटींच्या मधले दिवस तिथे काढायचे. एक ट्रंक, एक चटई, भिंतीशी देव्हारा. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका, आणि झोपायला जागा कायद्यानेच त्याच्या निम्मी: त्याला ७२ घनफूट, आपल्याला ३६. मला राग येतो तो याचा. गरज म्हणून कोंबणं वेगळं, हे इंच मोजून कायद्यात लिहिलेलं होतं.

आणि कैदी म्हणून गेलेला प्रवासी विसरू नकोस. 'मोरिया' हीदेखील नेहमीचीच मेल बोट. ८ जुलै १९१०ला ती मार्सेय बंदरात उभी असताना सावरकरांनी शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या वर्षी हेगच्या लवादापर्यंत प्रकरण गेलं, ते तू शाळेत पाठच केलं होतंस.

पहिल्या महायुद्धात तर हा प्रवास जिवावरचा झाला. १९१७ला आंबेडकर लंडनहून परतले ते 'कैसर-ए-हिंद' बोटीने. सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं होतं. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि त्यांची पुस्तकं गेली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यावर ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. पुस्तकांचं आंबेडकरांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण पाणबुडीचा पाणतीर लागे तो बोटीच्या कुशीत, पाण्याखाली. तिथे आधी कोण असायचं, हे मला सुचायलाही बराच वेळ लागला.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये अशा खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं तिथे आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धाची यादी त्याहून लांब. गेल्या खेपेला मी जाऊन आलो. बाहेर पी. डि'मेलो रोडवर ट्रकांची रांग, हॉर्न, भेळवाला. नावं वाचत उभा राहिलो तर पहारेकऱ्याला वाटलं माझं कोणी नातेवाईक आहे.

दुसऱ्या महायुद्धातच तुझ्या त्या बहारदार बोटीही गेल्या. 'राजपुताना' एप्रिल १९४१मध्ये आइसलंडजवळ बुडाली, तलाववाली 'व्हाइसरॉय' पुढच्या वर्षी. युद्धानंतर काही वर्षं बोटी चालल्या, आपली मुलं शिकायला त्यांतून गेलीही. मग विमान स्वस्त झालं, १९६७ला सुएझ बंद पडला, आणि खेळ आटोपला.

आता काम ऐक. टिलबरी तुझ्या लंडनच्या घरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. जिथे आपली माणसं उतरायची तो धक्का अजून उभा आहे. एखाद्या रविवारी जा आणि फोटो काढून पाठव, पण देखाव्याचे नकोत. खलाशांच्या नावाची एखादी पाटी, फलक, काही आहे का तेवढं बघ. नसेल तर तसंही कळव. येताना टॉवर हिललाही थांब, तिथे व्यापारी जहाजांवर मेलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर आपल्याकडची किती नावं सापडतात ते मला हवंय.

वहिनींना नमस्कार. लोणचं पुन्हा पाठवतोय, या वेळी प्लास्टिकच्या डब्यात आणि दोनच किलो.

तुझा,
मोहन