मुंग्या, आणि ते फुलांचं गाणं

पुणे, १८ ऑगस्ट २०२५

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तू चिडली होतीस. मी लगेच परत लावणार होतो पण आईने मोबाईल काढून घेतला, म्हणून आता सकाळी उठून हे टाइप करतोय. तुझ्या पायांत येणाऱ्या मुंग्यांचा विषय काढायचा नाही असं तिला कबूल केलंय.

आज त्या अमेरिकन गायकाला, स्कॉट मॅकेन्झीला, जाऊन तेरा वर्षं झाली. तू तेव्हा आठवीत होतीस, मी पेपर हातात धरून नुसता बसलो होतो आणि तू विचारलंस, बाबा कोण गेलं, आपल्या नात्यातलं का? त्या रात्री तुला ते सॅन फ्रान्सिस्कोचं गाणं ऐकवलं, आणि डिसेंबरच्या गॅदरिंगला तू ते गिटारवर म्हटलंस, पमाकाकूच्या कुंडीतली पिवळी शेवंती केसात खोचून. आत्याला त्यातला एक शब्द कळला नसेल पण ती पदराने डोळे पुसत होती. आणि आता तू त्याच गावात स्वतःच्या पगारावर राहतेस. हेट-अ‍ॅशबरीच्या, त्या हिप्पींच्या जुन्या वस्तीच्या, पाटीखालचा तुझा फोटो मी पेन्शनरांच्या ग्रुपवर टाकला, बँकेतल्या लोकांचे अजून फोन येतायत.

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं हणजुण्याला, १९७६ साली. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला गेलो होतो, मी आणि नाना, घरी थाप मारून. किनाऱ्यावर लाल दाढीचा एक पोरगा बसला होता, कपाळाभोवती अबोलीचा वळेसर गुंडाळलेला, गिटारची एक तार तुटलेली, उरलेल्या पाच तारांवर म्हणत होता. नानाने विचारलं कोणाचं गाणं, तर त्याने वाळूत बोटाने नाव लिहिलं आणि नानाने ते बोटीच्या तिकिटामागे उतरवून घेतलं. ते तिकीट मला नंतर नानाच्या पेटीच्या खोक्यात सापडलं. नानाच्या पायांत मुंग्या यायला लागल्या तेव्हा आपण आठ दिवस "चप्पल बदल, चप्पल बदल" करत बसलो. तुला सगळं माहितीये, परत लिहीत नाही.

तू मागच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर मॉन्टरेला जाऊन आलीस ना, त्या गावाचाच या गाण्याशी संबंध आहे. १९६७च्या जूनमध्ये तिथे मोठा म्युझिक फेस्टिव्हल व्हायचा होता, आणि केस वाढवलेली हजारो पोरं येणार म्हणून गावातली मंडळी धास्तावली होती. तेव्हा मॅकेन्झीचा जुना दोस्त जॉन फिलिप्स, तो फेस्टिव्हल भरवणाऱ्यांतलाच, त्याने हे गाणं लिहिलं, की बाबांनो केसात फुलं माळून या, शांतपणे या. म्हणजे बघ, ते गाणं एका परीने घाबरलेल्या मोठ्या माणसांसाठीच होतं. अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, इंग्लंडमध्ये पहिल्या. त्याच्या आधी फिलिप्सबरोबर मॅकेन्झी जर्नीमेन नावाच्या ग्रुपमध्ये गायचा, नंतर फिलिप्सच्या ममाज अँड पपाजमध्ये त्याला जागा होती तरी तो गेला नाही. आणि एवढं नाव झाल्यावर काही वर्षांत सगळं सोडून वाळवंटात जोशुआ ट्रीला जाऊन राहिला. नाना म्हणायचा, माणूस शहाणा होता. मला मात्र वाटायचं तिथे त्याचं जेवणखाण कोण बघत असेल. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तो हे गाणं म्हणायचा, ते मला फार भावतं, कारण फुलं माळणाऱ्यांनी त्या पोरांना कधी जवळ केलं नाही असं आपण धरून चालतो.

बघ, लिहायचं नाही म्हटलं तरी मी तिथेच येतोय. मॅकेन्झीला २०१० पासून गियाँ-बारे हा नसांचा आजार होता. आपल्याकडे पेपरात जीबीएस म्हणतात तोच. या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि आसपास मिळून दोनशेच्या वर पेशंट झाले, आम्ही दोन महिने पाणी उकळून प्यायलो. तेव्हापासून मला हे सगळं पाठ झालंय. आधी पोट बिघडतं, ते बरं होतं, मग आठपंधरा दिवसांनी पायाच्या बोटांत मुंग्या, मग पाय जड, मग ते वर चढत जातं. शरीरातली जी शक्ती जंतूंशी लढायची तीच आपल्या नसांवर उलटते. तू काल म्हणालीस पोट दोन आठवड्यांपूर्वी बिघडलं होतं. सहज बोलता बोलता म्हणालीस. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर चांगला फरक पडतो गं, आणि बहुतेक जण बरेही होतात. डॉक्टर गुडघ्यावर ती छोटी हातोडी मारून बघतात, पाच मिनिटांचं काम. जिना चढताना पाय लटपटतात का ते बघ, आणि श्वासाला जरा जरी त्रास वाटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला जा, बिलाचा विचार करू नकोस, एफडी आहे.

चुकलं माझं, परत लेक्चर झालं. तू मोठी आहेस, काल म्हणालीस तसं तासन्‌तास खुर्चीत बसल्यानेही असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, तुझ्या आईचंही होतंच. मला तुझा राग नाही आला, तू "बाबा, सारखं सर्च करत बसू नका" म्हणालीस त्याचाही नाही.

आत्ता इथे साडेसात झालेत, म्हणजे तुझ्याकडे अजून रविवारची संध्याकाळ. उद्या सोमवार, क्लिनिक उघडेल. आई अजून उठली नाहीये, मी आवाज बारीक करून तेच गाणं लावलंय. अपॉइंटमेंट मिळाली की नुसतं "मिळाली" एवढं टाक, कितीही वाजलेले असू देत, फोन माझ्या उशाशी आहे.

तुझा,
बाबा