चाऱ्यावाल्या मामांचे आभार

लेकीच्या हट्टापायी दोन ससे आणले. दुकानदार म्हणाला होता, दोन्ही माद्याच. एप्रिलमधल्या एका रविवारी आमची ढवळी तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊ लागली, छातीवरचे केस उपटू लागली. आम्हाला वाटलं, खरूज झाली. लातूरचं ऊन, दवाखाना बंद.

लसूणघास घेताना मामांना सहज सांगितलं. ते हसले, "खरूज कशाची? बाळंत व्हायलीय ती!"

गाडा शेजारच्याला सोपवून माझ्या स्कूटरवर मागे बसून ते घरी आले. आंब्याची रिकामी पेटी मागितली, आत बोट फिरवून एकेक खिळा ठोकून बसवला आणि मऊ वाळलं गवत अंथरलं. दुसऱ्या 'मादी'ला उचलून पाहिलं अन् लगेच वेगळ्या पिंजऱ्यात टाकलं. व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते, हे आम्हाला कुठे ठाऊक! जाताना पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं. पैसे? फक्त घासाचे.

पहाटे केसांच्या गादीत सहा उघडी पिल्लं. ढवळी मात्र त्यांच्याकडे फिरकेना, म्हणून सोमवारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं: सशीण दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं पाजते, पिल्लांची पोटं गोल दिसली की समजा, पोट भरलंय. मॅडम, त्या रात्री आम्ही झोपलो, ते तुमच्यामुळे.

दहाव्या दिवशी डोळे उघडले. मामा, तुमची हातोडी आमच्याकडेच राहिलीय. उद्या आणून देतो, लेकीलाही सोबत आणतो.